रात्री आपलं, चावलं की बेवारस



आधी वावराची हालत सांगतो. पऱ्हाटीची दुसरी वेचणी चालू आहे, तूर शेंगेवर येऊन राहिली, हरभऱ्याला पहिलं ओलित झालं. लाईन रात्रीची, त्यामुळं जागल चुकत नाही. रोही दोनदा येऊन गेले, डुकरांनी धुऱ्याकडच्या तीन ओळी उकरून टाकल्या.

पण आजची पोस्ट पिकावर नाही. ज्याच्या भरवशावर आपण रात्री वावरात दोन घटका डोळा लावतो, त्या कुत्र्यावर आहे. अन् खरं म्हणाल तर आपल्यावर आहे. काही जणांना राग येईल. येऊ द्या.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याला शिकवतो असं कोणी म्हणणार नाही.

माझ्या वावरात मोत्या आहे. पांदणीवर कोणी तरी सोडलेलं पिल्लू होतं, मी उचलून आणलं. गेल्या वर्षी याच दिवसांत वेचणीच्या बाया आल्या होत्या. एका बाईची सहा-सात वर्षांची पोरगी बाभळीखाली खेळत होती. मोत्या भाकर खात होता, पोरगी जवळ गेली, अन् त्यानं तिच्या पोटरीला धरलं. दोन दात खोल गेले. माय पळत आली. पोरीला उचललं अन् मला विचारलं, "भाऊ, हे कुत्रं तुमचंच हाय न? याले इंजेक्शन देल्लं हाय का?"

मी काय म्हणालो ते ऐका. "माहं नाई व ते माय, फिरस्तं हाय, असंच येऊन बसते."

आदल्याच रात्री याच कुत्र्यासाठी मी घरून भाकर आणली होती. चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगत होतो, "माह्या मोत्या असला की डुकराची काय हिंमत!" अन् त्या बाईपुढं तो फिरस्ता झाला. ती बाई काही बोलली नाही. तिनं फक्त मोत्याच्या गळ्याकडं पाहिलं. गळ्यात माझ्या बैलाच्या जुन्या कासऱ्याचा तुकडा बांधला होता.

माझी आई तिथंच होती. म्हणाली, "खोटं काहून बोलतं रे? कुत्रं आपलं हाय. चाल, गाडी काढ."

जखमेत चुना भरायला एक जण निघालीच होती, आईनं तिला थांबवलं. पंपाच्या धारेखाली साबण लावून पाय धुतला. दवाखान्यात लस मिळाली, पण जखम खोल होती, सीरम लागत होतं, ते तिथं नव्हतं, पुढं पाठवलं. लसीसाठी चार तारखा. ऐन वेचणीत त्या बाईच्या चार मजुऱ्या बुडाल्या. त्या मी दिल्या, जाण्यायेण्याचा खर्च दिला. तो उपकार नव्हता, ते माझ्यावर देणं होतं.

मग दहा दिवस मी मोत्याकडं पाहत बसलो. खातो का, पाणी पितो का, लाळ गळते का. दहा दिवस गेले, मोत्या धड राहिला. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती. त्याला मी तोवर एकही इंजेक्शन दिलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या भागात वावरातल्या कुत्र्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. रात्री डुकरावर भुंकलं की आपलं. शेजाऱ्याची बकरी धरली, पोराला चावलं, खरूज झाली, पिल्लं झाली की लगेच बेवारस. फायद्याला मालक अन् नुकसानीला सरकार, असा हा कारभार आहे. कापसाच्या भावावर सरकार असंच वागलं तर आपण रस्त्यावर उतरतो. मग कुत्र्याबाबत आपण वेगळं काय करतो?

कायदा यात गोंधळलेला नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत साफ लिहिलं आहे: पाळीव जनावराचं लसीकरण, जंतनाशक अन् नसबंदी ही मालकाची जबाबदारी, रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ म्हणतं, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ताब्यातलं म्हणजे कोणाचं? ज्याच्या हातची भाकर खातं अन् ज्याच्या धुऱ्यावर राखण करतं, त्याचं. यात वकील करायची गरज नाही.

आता रेबीजचं. एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, असंच धरून चाला. अन् लक्षणांच्या आधी लस घेतली, तर जवळपास प्रत्येक जण वाचतो. म्हणजे मरण अन् जगणं यात फरक आहे तो वेळेवर दवाखाना गाठण्याचा. चावलं किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. चुना, तिखट, हळद, घासलेट काही लावू नका. मंत्र मारायला नेऊ नका. पोटात चौदा इंजेक्शनं हा धाक आता मनातून काढा, तो काळ संपून वीस वर्षं झाली. आता सरकारी दवाखान्यात साधारणपणे ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दंडावर लस देतात. जखम खोल असेल तर जखमेत सीरमही लागतं, ते मागून घ्या. कुत्रं दहा दिवस धड राहते का ते पाहा, पण त्याची वाट पाहत लस थांबवू नका.

जनावरांचं तर आपण बोलतच नाही. पिसाळलेलं कुत्रं रात्री गोठ्यात गाईला चावून जाते, आपल्याला पत्ता नसतो. पुढं गाय लाळ गाळते, गिळता येत नाही, घोगरं हंबरते. आपण समजतो घशात काही तरी अडकलं, अन् हात कोपरापर्यंत तोंडात घालतो. हे करू नका. आधी पशुवैद्यकाला बोलवा. जनावराला कुत्रं चावल्याचं दिसलं तर जखम धुऊन त्यालाही लसीचा कोर्स असतो. अन् कच्चं दूध कोणाला देऊ नका.

दुसरी गोष्ट गाभ टाकण्याची. गाय व्यायली की जार कुत्र्यापुढं फेकायची आपली जुनी सवय. निओस्पोरा नावाचा परजीवी आहे, तो असाच कुत्र्यात जातो, त्याच्या विष्ठेतून वैरणीत अन् पाण्यात येतो, अन् गाई गाभडतात. आपण खनिज मिश्रण बदलतो, डॉक्टर बदलतो, पण जार पुरत नाही. जार, मेलेलं वासरू खोल पुरा. कापलेल्या बकऱ्याचं फोफस-काळीज कच्चं टाकू नका, त्यातून फीतकृमी कुत्र्यात जातो अन् कुत्र्यातून आपल्या पोरांपर्यंत येतो. दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंताचं औषध द्या.

आता पिल्लं. हा आपला सर्वांत लाजिरवाणा उद्योग. कुत्री व्याली की धड दिसणारा नर पिल्लू कोणी तरी नेते. माद्या पोत्यात भरून रात्री दुसऱ्या गावच्या पांदणीवर, बाजाराच्या ओट्यामागं, नाही तर स्टेशनकडं. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री उचलून, नसबंदी अन् लस करून निवाऱ्यात ठेवा, परत तिथं सोडू नका, असा आदेश दिला. टपरीवर सगळे खूश झाले, "बरं झालं, लय माजली होती." राजेहो, त्यातली काही आपल्याच पोत्यातून उतरली आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात जनावर असं टाकून देणं हा गुन्हा आहे. अन् दुसऱ्याच्या गावात टाकलेली मादी सहा-आठ महिन्यांत व्यायला लागते.

"नसबंदी केली की कुत्रं थंडं पडते, राखण करत नाही," असं म्हणणारे आहेत. हे खरं नाही. राखण ही त्याच्या जागेची ओढ असते, ती जात नाही. मादीच्या मागं चार गावं हिंडणं अन् भांडणं मात्र कमी होतं. बैल खच्ची केल्यावर वखराला जुंपतोच न आपण?

बांधायचं की मोकळं सोडायचं, हा खरा पेच आहे, अन् त्याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. मोकळं सोडलं की शेजाऱ्याच्या बकऱ्यांमागं, सशा-हरणांमागं धावते, मोटरसायकलवाल्याला पाडते. कुत्री सोडून डुक्कर-हरीण मारणं ही राखण नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार आहे. बांधून ठेवलं की दोन हात दोरीवर उन्हात तडफडते अन् चिडकं होते. चिडलेलंच कुत्रं पोराला चावते. त्याच क्रूरतेच्या कायद्यात कुत्र्याला सदा साखळीनं बांधून फिरवायला न नेणं हाही गुन्हा लिहिला आहे. अन् पोहरा-मालखेडच्या जंगलाकडचे कास्तकार जाणतात, धुऱ्यावर रात्री बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. मी आता असं करतो: मजूर वावरात आहेत तोवर मोत्या झोपडीजवळ सावलीत, लांब दोरीवर, पाण्याचं टोपलं जवळ. बाया गेल्या की मोकळा, मी असतो तोवर. मी घरी आलो की तो माझ्यासंगं घरी. एकट्या कुत्र्याच्या भरवशावर वावर सोडायचं मी बंद केलं. यात माझी झोप जाते, हे कबूल.

अन् विष. डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात फोरेट, म्हणजे आपलं थिमेट, अजूनही कुठं कुठं घालतात. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. त्या गोळ्यानं डुक्कर कमी अन् शेजाऱ्याचं कुत्रं, कावळे, मोर जास्त मरतात. जनावराला विष घालून मारणं, मग ते कुत्रं असो की बैल, न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. उद्या त्याच धुऱ्यावर एखादं पोरगं बसणार आहे, एवढं तरी आठवा.

आता तुमचा सवाल मला माहीत आहे. "भाऊ, इथं कापसाले भाव नाही, सोयाबीन पाण्यानं गेलं, अन् तू कुत्र्याच्या इंजेक्शनाचं सांगून राहिला?" हो, सांगून राहिलो. कारण ते इंजेक्शन एका फवारणीच्या औषधापेक्षा स्वस्त आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिलं, महिन्याभरानं बूस्टर, मग वर्षातून एकदा. फवारणी उतारा वाचवते, हे इंजेक्शन मजुराची पोर वाचवते. अन् चावल्यावर जो खर्च येतो तो बहुतेक वेळा आपल्यावर येतच नाही. तो येतो वेचणीवाल्या बाईवर, सालदारावर, पायी शाळेत जाणाऱ्या पोरांवर. म्हणून तर आपल्याला तो खर्च दिसत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून राज्यभर केवढं रान उठलं. आपल्या गावातही दोन गट पडले. त्या भांडणातल्या कोणी आपल्या वावरातल्या वाघ्याला लस दिली का, हे मी विचारून पाहिलं. हसले.

"सरकारनं करावं," हेही ऐकतो. करावंच. गोव्यानं करून दाखवलं. गावोगाव कुत्री पकडून, लस टोचून, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. कुत्री मारून नाही, लस टोचून. दर वर्षी शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या गावात कुत्री किती? बोटावर मोजता येतील अशी नसतील, पण एका दिवसात टोचता येतील एवढीच आहेत. अन् त्यातली बहुतेक कोणाच्या तरी हातची भाकर खातात. म्हणजे पकडायला गाडी नको, भाकर घालणारा हात पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र देऊन गावात कुत्र्यांच्या लसीचा एक दिवस ठरवायचा. लस टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा, अन् ग्रामपंचायतीच्या वहीत भाकर घालणाऱ्याचं नाव. ज्याचं नाव, त्याचं कुत्रं. उद्या चावलं तर "फिरस्तं हाय" म्हणायची सोय राहू नये.

कृषी सहायक अन् पशुधन पर्यवेक्षक भाऊ ही पोस्ट वाचतात. तुम्हालाही विनंती, शेतीशाळेत बोंडअळी सांगता, त्याच दिवशी पाच मिनिटं यावर बोला. वेचणीवाल्या बायांना बोलवून बोला, नुसतं आमच्यासमोर नको.

ती बाई यंदाही वेचणीला आली आहे. पहिल्या दिवशी पोरीला घेऊन धुऱ्यावर उभी राहिली, आत येईना. मोत्याकडं पाहत होती. मी घरी जाऊन त्याचं लसीचं कार्ड आणलं अन् तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही. पोरीनं वाचून दाखवलं, तारीख अन् मोत्याचं नाव, खाली मालक म्हणून माझं नाव. मग त्या दोघी आत आल्या.

बाकी पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या मर रोगाबद्दल लिहितो.

राम राम.