फरक भरावा का?

परवा रविवारी संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. मागे एवढा कल्लोळ, की मला वाटलं हा कुठल्या मिरवणुकीत अडकलाय. तो पुण्याजवळच्या एका ॲम्युझमेंट पार्कच्या दारात उभा होता. बायको, दोन मुलं आणि सध्या त्याच्याकडे राहायला गेलेल्या आमच्या वहिनी, असा सगळा लवाजमा बरोबर.

"काका, सकाळी दिवसाचं तिकीट काढून आत गेलो होतो. आता निघताना हे म्हणतात, तिकिटाचे पैसे वजा करतो, वरचा फरक भरा आणि वर्षाचा पास घ्या. पण आजच्या आज. उद्या आलात तर आजचं तिकीट धरणार नाही. भरू का?"

मी मराठीचा मास्तर. हिशेबासाठी मला फोन करावा असं माझ्यात काही नाही. पण असल्याच फरकावरून आमच्या घरात एकदा रामायण झालंय, हे त्याला ठाऊक आहे. फोनवर जे सांगितलं ते तुटक होतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

गोष्ट ऑक्टोबर २०१९ ची. मी आणि ही ऑगस्टमध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. तिच्या घरापासून अनाहाइम हे गाव गाडीने अर्ध्या तासावर. २०१५ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं ते याच गावात, आणि वॉल्ट डिस्नेने १९५५ साली उभारलेलं पहिलं डिस्नेलँडही इथलंच. मुलीचा आणि जावयांचा वर्षाचा पास आधीपासून होता. नातू अडीच वर्षांचा, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही. म्हणजे तिकीट लागलं ते फक्त आम्हा दोघा म्हाताऱ्यांना. माणशी १२९ डॉलर.

हा आकडा कळला आणि माझा दिवस तिथेच बिघडला. मनातल्या मनात सत्तरने गुणलं आणि ठरवलं, की आता एकही गोष्ट सोडायची नाही. सकाळी नऊला आत गेलो ते रात्री नऊपर्यंत. हिचे पाय सुजले. नातू दुपारीच पेंगायला लागला होता. संध्याकाळी तो रांगेत भोकाड पसरून रडायला लागला, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे आता." मी म्हणालो, "अजून दोन राहिल्यात. पैसे दिलेत आपण." तिच्याकडे पास होता, तिला घाई नव्हती. घाई मला होती, कारण माझं तिकीट रात्री मरणार होतं.

निघताना मुलीने हळूच विषय काढला. "बाबा, तुमच्या दोघांचा पास करून घेऊ या? आजचे पैसे त्यात वळते होतात. फक्त फरक भरायचा." त्या वर्षी फ्लेक्स नावाचा नवा पास निघाला होता, ५९९ डॉलरचा. त्यातून १२९ गेले, उरले ४७०. दोघांचे ९४०. तेव्हाच्या भावाने सहासष्ट हजार रुपयांच्या वर! मी तिथेच पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. ४७० भागिले १२९, म्हणजे आणखी चारदा आलो तर पैसे फिटणार. आणि आम्ही तर जानेवारीअखेर परत निघणार. मी म्हणालो, "बारा महिन्यांचा पास घ्यायचा आणि त्यातले आठ महिने वाया घालवायचे? हा कुठला शहाणपणा?"

मुलगी काही बोलली नाही. नातवाला खांद्यावर घेऊन उभी राहिली. तेव्हा ही माझ्या जवळ येऊन म्हणाली, "अहो, ती पासाचं नाही विचारत."

मला उमगायला जरा वेळ लागला. वर्षाचा पास हातात असला की बाबा जूनमध्ये पुन्हा येतील, एवढाच तिचा हिशेब होता. मी ज्या आठ महिन्यांना वाया म्हणत होतो, तेच आठ महिने ती विकत घेत होती.

फरक भरला. अर्थात तिने.

आता थोडं गणिताबद्दल, कारण पुतण्या मूळ तिथेच अडकला होता. दारात उभ्या माणसाला वाटतं, की आजचे पैसे "वाचले". ते वाचत वगैरे नाहीत. आजचा दिवस आपण आत काढला, खेळलो, ते पैसे तिथेच संपले. पार्कवाला ते वजा करतो ही त्याने दिलेली सवलत, आणि ती खरी आहे. पण म्हणून प्रश्न बदलत नाही. प्रश्न एवढाच, की वरच्या फरकात जितकी तिकिटं बसतात, तितक्यांदा मी खरोखर येणार आहे का? आणि हा प्रश्न विचारतात कधी, तर मुलं हसत बाहेर पडत असतात तेव्हा. त्या क्षणी माणूस दर रविवारी यायला तयार असतो.

याचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष छापले. महिन्याची वर्गणी भरणारी माणसं इतकी कमी वेळा जात, की एकेका खेपेला त्यांना सतरा डॉलरहून जास्त पडत होते. तेच दहा खेपांचं कुपन घेतलं असतं तर खेपेला दहा डॉलरमध्ये भागलं असतं. लोक व्यायामाचे पैसे भरत नव्हते, उद्या आपण कसे असू याच्या कल्पनेचे भरत होते. आमच्याकडे शाळा सुरू होताना पोरं दोनशेपानी वह्या घेतात आणि दिवाळीनंतर त्यांची चार पानं भरलेली असतात, तसंच.

बरं, पास घेतला आणि अगदी नेमाने वापरला, तरी सुख लाभेलच असं नाही. हे मला फार आधी कळायला हवं होतं. आपल्या एसटीने १९८८ साली 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना काढली. ठरावीक दिवसांचा पास, हवं तिथे हिंडा. नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात आम्ही तिघांनी वाशिमहून असा पास काढला. योजना उत्तम, खोट माझ्यात. पुणे, महाबळेश्वर, कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर! लॉजचे पैसे वाचावेत आणि पासही वसूल व्हावा, म्हणून चार रात्री एसटीतच काढल्या. महाबळेश्वर दोन तासांत उरकलं. कोल्हापुरात अंबाबाईला हात जोडले आणि धावत स्टँड गाठला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. त्या सहलीतलं काय आठवतं असं विचारलं तर आजही सांगते, "उलट्या." किलोमीटर मोजले तर आमच्याइतका पास कुणी वसूल केला नसेल.

म्हणून 'वसूल' या शब्दाचीच मला हल्ली भीती वाटते. सावकार वसूल करतो. सहलीला गेलेल्या माणसाने कुणाकडून काय वसूल करायचं?

तर मग पास वाईटच का? नाही. इथेच मला माझं मत बदलावं लागलं.

फरक भरल्यानंतर आम्ही जानेवारीपर्यंत आणखी नऊ वेळा तिथे गेलो. त्यातल्या एकदाही दिवसभर थांबलो नाही. मुलगी कामावरून लवकर सुटली की मधल्या वारी चार वाजता जायचं आणि अंधार पडता पडता घरी यायचं. कधी एकच चक्री. कधी काहीच नाही, नुसतं बाकावर बसून लोक बघायचे. डिस्नेलँडभोवती वाफेच्या इंजिनाची एक छोटी आगगाडी फिरते. हिचं माहेर कारंज्याचं. १९९४ पर्यंत वाफेवर धावलेल्या शकुंतलेतून मूर्तिजापूरला जाण्यात हिचं लहानपण गेलं. त्या गाडीची शिट्टी ऐकली की हिच्या तोंडून कारंज्याच्या गोष्टी सुरू व्हायच्या. नातवाला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण तो ऐकायचा. तिकिटाच्या दिवशी आम्ही या गाडीत बसलोच नव्हतो. "ही काय, चालायचीच," म्हणून मी सोडून दिली होती.

रात्री पलंगावर पडल्या पडल्या मला हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटायचं. मग लक्षात आलं, ही तर आपली यात्रा! आमच्या शिरपूरला महाशिवरात्रीला जानगीर महाराजांची यात्रा भरते. यात्रेला दार नाही. आत शिरायचे पैसे नाहीत. पाळण्यात बसलात तर पाळण्याचे द्या, नाही बसलात तर नका देऊ. लहानपणी आम्ही घटकाभर जायचो, रेवड्या घ्यायचो, एखादा पाळणा करायचो आणि जेवायला घरी. उद्या पुन्हा. 'आज सगळं बघून घ्या' अशी जबरदस्ती नव्हती, म्हणून कंटाळाही नव्हता. गंमत म्हणजे डिस्नेलँडमध्येही सुरुवातीला तसंच काहीसं होतं. दाराचे पैसे वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे. मग कुपनांची पुस्तकं आली, ए बी सी अशा प्रतींची, आणि सगळ्यात भारी खेळाला ई कुपन. १९८२ साली ती पद्धत बंद होऊन दारातच एकदा पैसे द्या आणि दिवसभर हवं ते करा, असं झालं. ऐकायला सोयीचं. पण बारा तास पाय ओढत हिंडणारा माणूस जन्माला आला तो या एकरकमी तिकिटापोटी, असं माझं आपलं मत.

आणि या माणसाला सोडवणारी गोष्ट म्हणजे वर्षाचा पास. पासाने आपल्याला मिळतं काय? जास्त खेळ नव्हेत. अर्ध्यातून उठून घरी जायची परवानगी मिळते. ती परवानगी ज्याला वापरता येते त्याने पास घ्यावा. ज्याला येत नाही त्याच्या हातात पास पडला तर तो आमची ती एसटी वर्षभर करील.

अर्थात पार्कवाला काही धर्मादाय करत नाही. मंगळवारी रिकामी फिरणारी चक्री आणि भरलेली चक्री, त्याचा खर्च जवळजवळ सारखाच. पासवाला आला तर आत चहा घेतो, फुगा घेतो, पाहुण्यांना तिकीट काढून बरोबर आणतो. शिवाय पासावर बारीक अक्षरं असतात. आमच्या पासावर काही दिवस बंदी होती आणि काही दिवसांसाठी आधी जागा राखून ठेवावी लागे. ती अक्षरं दारात उभ्याने वाचून होत नाहीत, घरून वाचून जावीत.

आता पुढचं. जूनमध्ये पुन्हा यायचं ठरवून आम्ही जानेवारी २०२० अखेर परतलो. १४ मार्चपासून कोरोनामुळे डिस्नेलँड बंद झालं. त्याच महिन्यात आपल्याकडची परदेशी विमानंही थांबली. ते उद्यान ४१२ दिवसांनी, ३० एप्रिल २०२१ ला उघडलं, तेही आधी फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी. जुनी वार्षिक पासाची योजना त्याआधीच, त्या वर्षीच्या जानेवारीत, गुंडाळली गेली होती आणि उरलेल्या मुदतीचे पैसे पासधारकांना परत मिळणार होते. दार कधी बंद होईल सांगता येत नाही, हे शिरपूरकरांना कुणी शिकवायला नको. आमच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराचं दार १९८१ मध्ये बंद झालं ते २०२३ च्या मार्चमध्ये उघडलं. एक अख्खी पिढी झरोक्यातून दर्शन घेत म्हातारी झाली.

मुलगी आणि नातू आम्हाला भेटले ते थेट २०२२ मध्ये, इथे शिरपूरला. आता हिचे गुडघे एवढा प्रवास नको म्हणतात. पास कपाटात आहे. त्यावरच्या फोटोत मी कमालीचा रागावलेला दिसतो, कारण तो फोटो फरक भरल्यावर लगेच काढलेला आहे.

तेव्हा पुतण्याला मी सांगितलं ते असं. पास घरापासून तासाभराच्या आतल्या जागेचाच घ्यावा, कारण लांबच्या जागी गेलं की पुन्हा 'सगळं उरका' सुरू होतं. बंदीचे वार आपल्याच सुटीचे वार नाहीत ना, ते बघावं. आणि मुख्य म्हणजे दोन तासांत उठून येता येईल का, हे स्वतःला विचारावं. काही पासांना एवढा विचार लागत नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, खासगी गाड्यांना एक वर्ष किंवा २०० फेऱ्या; निघाला तेव्हा किंमत ३००० रुपये होती. तिथे आपल्या फेऱ्या मोजायच्या की झालं. टोलनाक्यावर कुणी रमायला जात नाही.

पुतण्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, आमच्या चौघांचं जमेल. घर जवळच आहे. पण आईचा काय करू? ती तर महिनाभरात शिरपूरला परत येणार. तिचे अकरा महिने वायाच ना?"

मी म्हणालो, "तिचा आधी काढ."

त्याने काढला की नाही, मी अजून विचारलेलं नाही.