आधी अडचण मांडा, मग मदत मागा

‘भाईजान, माझा प्रोग्राम चालत नाही, बघा ना!’ एवढ्यावर भाईजान काय सांगणार? डॉक्टरांना नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणण्यासारखेच हे.

साधे उदाहरण घ्या. पायथनमध्ये दोन संख्या विचारून बेरीज करायची आहे. मुलीने 5 आणि 7 दिले, उत्तर आले 57. मदत मागताना तिने चार गोष्टी लिहाव्यात : काय दिले, काय यायला हवे होते, प्रत्यक्षात काय आले आणि त्यासाठी कोणत्या ओळी लिहिल्या. एरर दिसली तर ती जशीच्या तशी उतरवावी. सगळा प्रोग्राम पाठवू नये. जेवढ्या ओळींत चूक दिसते, तेवढ्याच वेगळ्या काढाव्यात.

12 च्या शेजारी 57 लिहिले, की बेरीज न होता आकडे एकमेकांना चिकटलेत, हे तिचे तिलाच दिसू लागते. ‘इनपुट’ने घेतलेले उत्तर पायथन 3 मजकूर समजते; ‘इंट’ वापरून त्याची संख्या करावी लागते.

कॉम्प्युटर न येणाऱ्या अम्मीलाही मुलांना मदत करता येते. तिने एवढेच विचारावे, ‘बेटा, काय यायला हवे होते आणि काय आले?’