तळाचे झाकण आणि मालकीचा हक्क

कसारा, बदलापूर किंवा टिटवाळ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये डोंबिवलीस कसाबसा पाय ठेवणारा नोकरदार आपली सॅक पाठीवरून काढून छातीशी धरतो, आणि ठाणे येऊन थोडी माणसे उतरेपर्यंत त्या सॅकमधील लॅपटॉपवर पुढच्या-मागच्यांचा भार अखंड पडत राहतो. संध्याकाळी परतताना तोच प्रकार उलट दिशेने घडतो. अशा वापरात काही काळ लोटला की यंत्राच्या तळाचे झाकण एखाद्या कोपऱ्यात उचलले जाते, अंगठ्याने दाबले की 'टक्' असा आवाज करून बसते, आणि हात काढताच पुन्हा वर येते. यंत्र चालू असते, काम अडत नाही, म्हणून मालक तिकडे दुर्लक्ष करतो, फार तर चिकटपट्टी लावतो. ज्या यंत्रावर घरातील एकाची नोकरी आणि दुसऱ्याचा अभ्यास अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ही हयगय धोक्याची आहे, आणि ती करण्यास मालकाला भाग पाडणारी बाजारातील व्यवस्था तर अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम धोक्याविषयी. दुरुस्तीच्या दुकानांतून या झाकणास 'डी पॅनेल' म्हणतात. पडद्यामागचे कवच ते ए, पडद्याभोवतीची चौकट बी, कीबोर्डाभोवतीचा भाग सी आणि तळ डी, असा तो क्रम आहे. हे डी पॅनेल बहुधा दहाएक बारीक स्क्रू आणि कडेने आतल्या बाजूस असलेली प्लास्टिकची लॉक यांच्या आधारावर बसलेले असते, आणि ते सैल होण्याची कारणे एकाहून अधिक असल्यामुळे कारण ओळखल्यावाचून त्यास हात लावणे योग्य नव्हे. एकच कोपरा उचलला असेल तर स्क्रू गळालेला किंवा लॉक तुटलेले असण्याचा संभव अधिक. फट बिजागरीच्या बाजूस असेल आणि पडदा उघडताना करकर आवाज येत असेल, तर प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी नट बिजागरीच्या ताणाने उखडले आहेत असे समजावे. अशा वेळी पडदा उघडमीट करीत राहिल्यास आज एका नटावर भागणारे काम उद्या सबंध बॉडीवर जाते. परंतु सर्व स्क्रू जागच्या जागी असताना झाकण मध्यभागीच फुगीर झाले असेल, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगत असेल आणि टचपॅड दाबला जात नसेल, तर दोष झाकणाचा नसून त्याखालच्या बॅटरीचा आहे.

या शेवटच्या कारणापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. लिथियम बॅटरीच्या चपट्या, पिशवीवजा कोशांत, वयोमानाने, उष्णतेने किंवा मूळच्या दोषाने, इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन वायू उत्पन्न होतो, आणि त्यास बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे कोश फुगून झाकणास आतून रेटू लागतो. अशा झाकणावर वजन ठेवणे, ते शिकंजात दाबणे किंवा गोंदाने कायमचे बंद करणे म्हणजे आगीस निमंत्रण देणे होय. लॅपटॉपची बॅटरी धोकादायक ठरू शकते याची जाणीव उत्पादकांनाही आहे. जून २०१९ मध्ये ॲपलने, मुख्यतः सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या पंधरा इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या अतितप्त होऊन आगीचा धोका संभवतो म्हणून त्या विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले होते. फुगवटा दिसताच यंत्र बंद करावे, चार्जरला जोडू नये, गर्दीच्या गाडीत तर मुळीच नेऊ नये, आणि काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याच्या स्वाधीन करावी. डोंबिवलीच्या एका लहानशा दुकानात, वरून दाबून झाकण बसवू पाहणाऱ्या वयस्कर ग्राहकाचा हात बाजूला करीत, "काका, थांबा, दाबू नका, आत बॅटरी फुगलीये," असे सांगणारा तरुण कारागीर मी पाहिला आहे. त्याने झाकण उतरवून आतली उशीसारखी झालेली काळी पट्टी दाखवली, तेव्हा त्या गृहस्थांचा चेहरा पालटला. किती मोठा अनर्थ त्या मुलाने टाळला याची नोंद कोणत्याही दप्तरात होणार नाही.

अशा कारागिराचे काम जवळून पाहण्यासारखे असते. तो आधी रबरी पाय उचलून पाहतो, कारण पुष्कळदा एखादा स्क्रू त्यांच्याखाली दडवलेला असतो. काढलेले स्क्रू तो ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमाने चुंबकी पट्टीवर मांडतो, कारण आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळला तर तो वरच्या पटलास टेंगूळ आणतो किंवा मदरबोर्डास इजा करतो. काही स्क्रू मुद्दामच झाकणातून सुटत नाहीत, फिरवले की झाकणालाच वर उचलतात. ते ओढून काढू पाहणारा अनभिज्ञ मनुष्य झाकण मोडून ठेवतो. मग प्लास्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवून तो कडेकडेने एकेक लॉक सोडवतो, धातूची पट्टी वापरीत नाही, आणि आत पोहोचताच सर्वांआधी बॅटरीची जोडणी काढतो. उखडलेला पितळी नट पुन्हा बसवताना जागा घासून, भुकटी झटकून, एपॉक्सी भरून, ती पुरेपूर सुकेपर्यंत बिजागरी आवळीत नाही. या कामात जो धीर लागतो त्याचे मोल ग्राहकाने घासाघीस करताना ध्यानात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

आता अन्यायाविषयी. या कारागिरास अडते ते कौशल्यामुळे नव्हे, सुट्या भागांमुळे. तुटलेले लॉक हा झाकणाचाच अंश असल्याने सबंध डी पॅनेल लागते, आणि ते अधिकृत मार्गाने मागावे तर पुष्कळदा एकतर मिळत नाही, किंवा यंत्र ठेवून जा, तपासणीचे शुल्क भरा, पॅनेलच काय, सबंध बॉडी बदलावी लागेल, असे उत्तर येते. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बंद पडलेल्या त्याच मॉडेलच्या सांगाड्याचा शोध सुरू होतो, आणि सापडले नाही तर चिकटपट्टी. प्रेशर कुकरची रबरी रिंग, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह, मुठीचा स्क्रूसुद्धा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या कोणत्याही भांड्यांच्या दुकानात सुटा मिळतो, म्हणून तीस-तीस वर्षे एकेक कुकर आमच्या घरांतून चालत आला आहे. त्याहून कितीतरी महाग असलेल्या यंत्राचा एक स्क्रू मात्र मालकाला रोख पैसे मोजूनही मिळू नये, हे कोणत्या न्यायाने?

सर्वच उत्पादक दोषी आहेत असे नाही, आणि तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका सर्वांस खुली ठेवतात, आणि तीत झाकण उतरवण्याचा क्रम आणि स्क्रूंची मापेही सापडतात. उलटपक्षी, ॲपलने २००९ च्या मॅकबुक प्रोमधील बॅटरीस आणि पुढे आयफोनच्या बाह्य कवचास पाच पाकळ्यांचा असा स्क्रू लावण्याची प्रथा पाडली, की त्यासाठी लागणारा स्क्रू ड्रायव्हर तेव्हा सामान्य दुकानात मिळेना. पुस्तिका देणे शक्य आहे हे काहींनी दाखवून दिल्यावर ती न देणाऱ्यांस सबब उरत नाही.

सरकार याबाबत अगदीच स्वस्थ बसलेले नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले, आणि वस्तू दुरुस्त करणे किती सुकर आहे याचे गुणांकन कसे करावे याविषयीच्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्या अहवालात प्राधान्याच्या सुट्या भागांमध्ये बॅटरी आणि पाठीमागचे झाकण यांचा समावेश आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु आरंभ स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांपासून करण्याची शिफारस असल्यामुळे लॅपटॉप तूर्त दाराबाहेरच आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून हेच गुणांकन सुरू केले तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. आणि सुटे भाग अडवून धरण्याची प्रथा आपल्या कायद्यास अपरिचित आहे असेही नाही: ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मोटारींचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारास न दिल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अपिलात दंडाच्या हिशेबात पुढे फेरफार झाला, तरी मोटारीबाबत आयोगास जे अनुचित वाटले ते लॅपटॉपबाबत उचित कसे ठरेल, हा सवाल शिल्लक राहतोच.

माझी मागणी मर्यादित आहे. लॅपटॉपचा समावेश पहिल्याच टप्प्यात व्हावा; डी पॅनेल, त्याचे स्क्रू, रबरी पाय, बिजागरी आणि बॅटरी हे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान सात वर्षे कोणाही ग्राहकास किंवा दुकानदारास छापील किमतीत सुटे मिळावेत; आणि केवळ झाकण उघडले एवढ्याच सबबीवर हमी नाकारण्यास स्पष्ट मनाई असावी. वागळे इस्टेटसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या ठाण्यात बिजागरी आणि पॅनेल यांच्या कामाचे लहान प्रमाणपत्र वर्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून चालवणेही अशक्य नाही. आज हे ज्ञान गल्लीतल्या दुकानात एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि बॅटरीच्या धोक्याचे शिक्षण त्यात योगायोगाने मिळाले तर मिळते.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील कित्येक कुटुंबे १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण संघांतून वर्षानुवर्षे एकत्र बसून महिन्याचे वाणसामान वाटून घेत आली आहेत, आणि संघटित मागणीपुढे व्यापारी कसा नमतो याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. जूनमध्ये महाविद्यालये उघडण्याच्या सुमारास या घरांतून लॅपटॉपची खरेदी होते. त्या वेळी प्रत्येकाने दुकानदाराकडे दुरुस्ती-पुस्तिका आणि डी पॅनेलची सुटी किंमत लेखी मागावी, आणि नकार मिळाल्यास तो नकार तारीखवार ग्राहक व्यवहार विभागाकडे पाठवावा.