आधी श्वास सोडा!

धाप लागलेल्या माणसाला आपण काय सांगतो? "मोठा श्वास घ्या." मीही माझ्या आत्याला वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने तरी असे सांगायला नको होते!

आत्याचा जन्म चुलीपुढे गेला. धुराने तिला सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट विकार जडला. विडी-सिगारेटनेही तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीप्रमाणे २०१९ साली जगातील मृत्यूंच्या कारणांत त्याचा क्रमांक तिसरा होता. या विकारात वायुकोशांच्या नाजूक भिंती नष्ट होत जातात. जुन्या रबरासारखी फुप्फुसे सैल पडतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. म्हणजे भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतावे, तसा आपला सल्ला!

बरे, जोर लावून श्वास सोडावा, तर छातीतला दाब बारीक श्वासनलिकांवर बाहेरून पडतो, त्या मिटतात आणि हवा आतच कोंडते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आत्याला सांगितले, "नाकाने श्वास घ्या आणि बशीतला चहा फुंकताना करता तसे ओठ करून सावकाश सोडा." मला हे पटेना. वाट अरुंद केल्यावर हवा सुटणार कशी?

उत्तर बागेत मिळाले. मऊ रबरी नळीतून पाणी वाहू द्या आणि तिचे तोंड अंगठ्याने थोडे दाबा. अंगठ्यामागे दाब वाढतो व नळी टम्म फुगते. ओठ हेच अंगठ्याचे काम करतात. नलिकांच्या आतला दाब टिकतो, त्या उघड्या राहतात. शिवाय वेळेचा हिशेब पाहा. मिनिटाला २४ श्वास म्हटले, तर एकाला अडीच सेकंद. घेण्यात एक गेला की सोडायला दीडच उरतो. श्वास १५ वर आले, तर सोडायला तीन सेकंद मिळतात.

शाळेत बरणी आणि फुग्यांची प्रतिकृती दाखवतात. रबरी पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, मुले खूश होतात, तास संपतो. उच्छ्वास बिचारा एका वाक्यात उरकला जातो. शिक्षकांनी त्याच तासाला नळीचाही प्रयोग करून दाखवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात, गेलेल्या भिंती या व्यायामाने परत येत नाहीत. "औषधे सोडा, नुसता प्राणायाम करा" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. पण रोग्याच्या हाती केवळ पंप देऊन त्याला घरी पाठवणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. औषधे चालू ठेवून, जाणकाराच्या देखरेखीखाली चालणे, हातापायांचे व्यायाम आणि श्वास सोडण्याचे हे तंत्र, असे सगळे मिळून पुनर्वसन होते. आत्याला ते सांगणारे कोणी भेटायला सात वर्षे लागली.

आता जिना चढताना ती पायरीवर पाऊल टाकता टाकता ओठांनी श्वास सोडते, थांबते, नाकाने घेते. वर यायला वेळ लागतो खरा. पण मधल्या वळणावर पूर्वीसारखी मटकन बसत नाही.