नाच कुणाच्या नावाने?



मागच्या थंडीत तोंडवलीला आम्ही बचत गटातल्या बायकांचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. पहिल्या दिवशी कर्जाचे हिशेब, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, ग्रामसभेत बोलायचं कसं, असे नेहमीचे विषय झाले. कार्यक्रमपत्रिकेत रात्री नऊ ते साडेनऊ 'मनोरंजन' होतं. ते साडेनऊला संपलं नाही, रात्री एकपर्यंत चाललं. नंतर गावाने त्याचा जाब विचारला, म्हणून हे लिहिते आहे.

तोंडवलीहून तळाशीलकडे जाताना जमीन चिंचोळी होत जाते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तिथे एका घरगुती निवासाच्या अंगणात आम्ही बावीस जणी होतो. मासे विकणाऱ्या, आंगणवाडीत काम करणाऱ्या, घरची शेती-बागायत बघणाऱ्या. मुंबईहून आलेल्या प्रशिक्षक मैत्रिणीने फोनला तळहाताएवढा स्पीकर जोडला आणि तिच्या आवडीची सोल, फंक, डिस्कोची गाणी लावली. सुरुवातीला सगळ्या भिंतीला टेकून बसलेल्या. कुणी पदर नीट करतंय, कुणी हसतंय.

मग अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' लागलं. मी त्याची हकिगत सांगितली. हे गाणं ओटिस रेडिंग या गायकाने १९६५ मध्ये लिहिलं. तेव्हा ते कमावून घरी येणाऱ्या पुरुषाने बायकोकडे मान मागण्याचं गाणं होतं. १९६७ मध्ये अरीथाने तेच गाणं बाईच्या तोंडून म्हटलं आणि मागणी उलटी झाली. ऐकून एक काकी म्हणाल्या, "ह्यां गाणां माझ्या घोवाक आयकवूक होया!" त्या उठल्या, आणि मागोमाग बाकीच्या. कुणीतरी विचारलं, "ह्येच्यार फुगडी बसता काय गो?" फंकच्या ठेक्यावर फुगडी बसली, छान बसली. गणपतीत घरोघरी रात्री जागवणाऱ्या त्या बायका. ताल त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. पुढे 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं १९८० सालचं गाणं लागलं, तेव्हा पन्नाशीच्या दोघींना सगळे शब्द पाठ निघाले. लग्नाआधी रेडिओवर ऐकलेले. मीही नाचले. समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यापासून मी शेकडो बैठका घेतल्या असतील, पण बायकांसमोर मी कधी नाचले नव्हते, हे त्या रात्री लक्षात आलं.

आठवड्याभरात बोलणी सुरू झाली. तक्रार आवाजाची नव्हती. "बचत गटाच्या नावाखाली बायका रात्री इंग्रजी गाण्यांवर नाचतात" ही होती. एका सदस्येला नवऱ्याने पुढच्या बैठकीला येऊ दिलं नाही. खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया सारवासारव करण्याची होती. "तो व्यायामाचा भाग होता" असं मी एका घरी सांगूनही आले. परत येताना स्वतःचीच लाज वाटली. मग बैठकीत विषय काढला, तेव्हा त्याच काकींनी एका वाक्यात सगळं मांडलं: "देवाच्या नावार नाचलंव तर चलता, माझ्या नावार नाचलंय तर चलना नाय?"

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. बाईने नाचायला समाजाची हरकत नाही, ते कुणाच्या नावाने यावर हरकत ठरते. देवासाठी नाचली तर परंपरा. स्पर्धेत नाचली तर संस्कृती. स्वतःच्या हौसेसाठी नाचली तर चाल सोडली. त्याच किनाऱ्यावर बाहेरून आलेले पर्यटक गाणी लावून नाचतात, तेव्हा कुणाला काही वाटत नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तो पाहुण्यांच्या मौजेसाठी. पाहुण्यांसाठी घावणे घालणाऱ्या बाईच्या मौजेचा विचार त्यात कुठे आहे?

हा दुटप्पीपणा फक्त गावाचा आहे असं समजू नका. राज्याच्या कायद्यातही तो होता. २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. त्याच दुरुस्तीत तीन तारे किंवा त्याहून वरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे नाच अश्लील की सभ्य हे हॉटेलच्या दर्जावरून ठरणार! २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली, १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यानंतर आलेल्या कायद्यातल्या अनेक जाचक अटी १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने गेल्या. पण मधल्या काळात हजारो बायकांची रोजीरोटी गेली. त्या वेळी आपल्या चळवळीतही दोन मतं होती, आणि बारमधल्या बायकांच्या बाजूने उभं राहताना आपल्यातल्या अनेकींना अवघडल्यासारखं झालं होतं. बारमधला नाच आणि अंगणातला नाच एक नव्हे. तो पोटासाठी, हा हौसेसाठी. पण दोन्हीकडे बाईच्या अंगाचा निर्णय दुसरंच कुणीतरी घेतं.

डिस्कोवरही असाच राग निघाला होता. अमेरिकेतल्या काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांत हे संगीत वाढलं. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमावाला फक्त चाल आवडत नव्हती असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्या संगीतावर कोण नाचत होतं, याचाही तो राग होता, असं अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे.

काही कार्यकर्त्या मला म्हणाल्या, "इथे पाण्याचे, रोजगाराचे प्रश्न असताना नाच कशाला?" मला हा युक्तिवाद पटत नाही. पाण्याचा प्रश्न सुटेपर्यंत पुरुष भजनाला आणि क्रिकेटला जायचे थांबले नाहीत. आपल्याच अर्जांत आणि अहवालांत बाईची 'गरज' म्हणून रेशन, कर्ज, औषध असे रकाने असतात, आनंदाचा रकाना नसतो. बाईला जगवायचं, पण तिने मजा करायची नाही, ही भाषा आपणही नकळत उचलली आहे.

गटाने ठरवलं की माफी मागायची नाही. चौघीजणी त्या सदस्येच्या घरी गेल्या, तिच्या सासूशी आणि नवऱ्याशी बोलल्या. सासूबाईंनी चहा दिला. नवरा काही बोलला नाही. ती अजून बैठकीला आलेली नाही. गटाचं वहीखातं मात्र तिच्याकडेच ठेवलं आहे, ते परत मागितलेलं नाही. त्या रात्रीची किंमत आम्ही नाही, तिने मोजली, हे विसरून हा लेख संपवता येणार नाही.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या शिबिराच्या पत्रिकेत 'मनोरंजन' असं लिहू नका. 'नाच, रात्री नऊपासून' असं स्पष्ट लिहा. घरी सांगताना तेच सांगा. आणि एखादीला त्यावरून अडवलं, तर तो तिच्या घरचा प्रश्न न मानता गटाचा प्रश्न माना. तुमच्या गटात याबद्दल काय अनुभव आला, ते जरूर लिहून कळवा.