जुगाराच्या पडद्यावर विघ्नहर्ता

देवदेवतांच्या प्रतिमा व्यापारात वापरल्या जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. उदबत्तीच्या पुड्यावर, दिनदर्शिकेवर, वहीच्या वेष्टनावर आपण त्या पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. समाजाने त्याला फारसा आक्षेप घेतला नाही, कारण त्या वस्तू अखेर देवघरात, घरात किंवा शाळेतच जात होत्या. आज मात्र हीच प्रतिमा मोबाइलच्या पडद्यावरील जुगारात जाऊन बसली आहे आणि तेथे ती भक्ताचा खिसा रिकामा करण्याच्या कामी लावली गेली आहे.

माल्टास्थित ‘पीजी सॉफ्ट’ या कंपनीचे ‘गणेशा गोल्ड’ आणि ‘गणेशा फॉर्च्युन’ हे खेळ पाहावेत. चीनचा वानरराज सून वुकाँग आणि धनदेव त्साय्-शेन यांच्यावरही असे खेळ निघाले आहेत. अवघ्या आशियाचे श्रद्धाविश्वच या बाजाराने कच्चा माल म्हणून उचलले आहे. वरचे चित्र बदलते, आतले यंत्र मात्र तेच राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने बनविलेल्या तीन चाकांच्या यंत्राचेच हे वंशज होत. लोखंडी चाकांची जागा आता संगणकाने निवडलेल्या यादृच्छिक आकड्यांनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

या खेळांचे खरे आकर्षण त्यांच्या ‘बोनस’मध्ये असते. एखादे विशिष्ट चिन्ह कोणत्याही चिन्हाची जागा भरून काढते. दुसरे एखादे ठरावीक संख्येने आले की ‘फुकट फेऱ्या’ मिळतात. त्या फेऱ्यांत जिंकलेली रक्कम दुप्पट, पाचपट, दहापट करणारे गुणक असतात. काही खेळांत तर हा बोनस थेट पैसे मोजून विकत घेता येतो. ब्रिटनच्या जुगार नियामकाने २०१९ मध्ये या विक्रीला मज्जाव केला.

परंतु ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. अशा खेळांत लावलेल्या रकमेपैकी साधारण ९६ टक्के रक्कम दीर्घकाळात खेळणाऱ्यांकडे परत जाईल, असे गणित आधीच बांधलेले असते. फुकट फेऱ्यांतील कमाई या ९६ टक्क्यांतच धरलेली असते. म्हणजे ती नेहमीच्या फेऱ्यांतून कापून घेतलेली असते. उरलेले चार टक्के किरकोळ वाटतात. पण दहा रुपयांची एक फेरी आणि मिनिटाला दहा फेऱ्या धरल्या, तर तासाभरात सहा हजार रुपये फिरतात आणि त्यातील सरासरी २४० रुपये चालकाच्या पदरात पडतात. जो जितका अधिक वेळ बसेल, तितका तो या सरासरीच्या जवळ जाईल. म्हणूनच सारी रचना त्याला बसवून ठेवण्यासाठी केलेली असते. दहा रुपये लावून चार परत आले तरी घंटा वाजते आणि नाणी उधळतात. हरलेल्याला जिंकल्याचा भास व्हावा, हीच योजना! ब्रिटनने २०२१ मध्ये अशा भ्रामक जल्लोषावर बंदी घातली आणि दोन फेऱ्यांत किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवले की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी विसाव्या शतकात प्रयोगांनी दाखविले होतेच.

अशा यंत्रावर गणेशाची प्रतिमा कशासाठी? श्रद्धाळू माणूस त्या प्रतिमेसमोर सावध राहत नाही, म्हणून. ज्याच्या स्मरणाने आपण शुभकार्याचा प्रारंभ करतो, त्याच्या साक्षीने लावलेला डाव अशुभ कसा असेल, असे त्याचे मन त्याला सांगते. वास्तविक गणपती ही बुद्धीची देवता; आणि हा खेळ चालतो तो बुद्धी बाजूला ठेवल्यावरच. प्रतिमेचा अवमान हा एक भाग झाला. पण त्याहून गंभीर अपराध भक्तीचेच आमिष करण्याचा आहे.

‘तुमचे देवही सारीपाट खेळत होते’ असे उत्तर यावर हमखास मिळते. खेळत होते हे खरेच आहे. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वतीचा अक्षक्रीडेचा प्रसंग कोरलेला आहे आणि दिवाळी पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. आपल्या पूर्वजांनी खेळाचा आनंद नाकारला नाही, पण त्याचा शेवट कोठे होतो हेही लपविले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त ही सर्वस्व गमावलेल्या जुगाऱ्याची व्यथा आहे. नळाचे राज्य आणि पांडवांचे वैभव फाशांनीच गिळले. मनूने राजाला द्यूत बंद करण्यास सांगितले, तर कौटिल्याने ते द्यूताध्यक्षाच्या नजरेखाली आणले.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा वारसा जाणला. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात न्यायालयाने ऋग्वेद, महाभारत, मनू आणि कौटिल्य यांचा दाखला देत, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला. त्याच मार्गाने जात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणारा गुन्हेगार नव्हे, पीडित आहे, ही त्यामागील भूमिका योग्यच आहे. महाराष्ट्रानेही कधीच अमलात न आलेला १९७६ चा कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभीच आहेत. सत्ता कोणाचीही असो, महसुलाच्या मोहापुढे तत्त्व कसे नमते, याचे हे उदाहरण आपण डोळ्यांआड करता कामा नये.

विदेशात बसलेल्या चालकाला केवळ कायद्याने पकडणे सोपे नाही. तेथे समाजालाच जागे व्हावे लागेल. केवळ भावना दुखावल्या म्हणून निषेधाची पत्रके काढून हा प्रश्न सुटणार नाही. लोकमान्यांनी १८९३ मध्ये गणेशोत्सवाला जे सार्वजनिक रूप दिले, ते समाज संघटित व्हावा म्हणून. त्या उत्सवाच्या मांडवातच या ‘फुकट फेऱ्यां’चे गणित फलकावर मांडावे. अशा व्यवसायाची एक दमडीही मंडळाच्या वर्गणीत येऊ देऊ नये. कर्जात बुडालेल्या तरुणाला हिणवण्याऐवजी त्याला बाहेर काढण्यासाठी हात पुढे करावा. विघ्नहर्त्याची खरी पूजा ती हीच.