सिंहस्थाच्या आराखड्यात नांदूर मध्यमेश्वरही हवे

2027च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करण्याच्या योजना नाशिकच्या घाटांवर न थांबता निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर जलाशयापर्यंत पोहोचल्या पाहिजेत, अशी या दैनिकाची ठाम भूमिका आहे. जानेवारी 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेला हा जलाशय शहराच्या खालच्या अंगाला आहे. वर नदीत जे सोडले जाते ते अखेर येथेच, गोदावरी-कादवा संगमावरील बंधाऱ्यामागे, येऊन साचते.

सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद या पोषकद्रव्यांवर पाणवेली फोफावतात, त्यांच्या दाट आच्छादनाखाली प्रकाश व प्राणवायू घटून मासे आणि पाण्यातील वनस्पती गुदमरतात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या थापट्या व चक्रवाक बदकांना चरण्याजोगे उथळ, मोकळे पाणी उरत नाही. दरवर्षी पाणवेली काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्यांचे खाद्य वरून येतच राहते.

म्हणून मलजल शुद्धीकरण केंद्रांची क्षमतावाढ घाटांच्या सुशोभीकरणाआधी पूर्ण करावी आणि जलाशयातील पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष दरमहा जनतेसमोर ठेवावेत.